जुन्या रिळाची तक्रारवही

दर वर्षी शिक्षकांच्या कार्यशाळेआधी आम्ही एक पत्र पाठवतो. त्यात एक ओळ ठरलेली असते : घरात बंद पडलेलं एखादं यंत्र असेल तर घेऊन या, दुरुस्त झालं तर उत्तमच, नाही तर निदान उघडून पाहू. मग गजराची घड्याळं येतात, शिलाई मशीनचे भाग येतात, क्वचित सायकलचं मागचं चाकही येतं. मागच्या कार्यशाळेत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बाईंनी पिशवीतून एक वस्तू काढली आणि सगळे भोवती गोळा झाले. मुठीत मावेल एवढं नळकांडं, त्याच्या एका अंगाला दोन बोंडांची छोटी मूठ आणि मुठीखाली चांदणीच्या आकाराचं एक चाक. ते होतं मासे धरायच्या काठीवर बसवायचं रीळ. बाईंचे आजोबा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी ते विकत घेतलं होतं.

कोकणातल्या माणसाला गरवणं नवीन नाही. बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला तंगूस गुंडाळायची, गरीला आमिष लावायचं आणि खडकावर बसायचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी हे केलेलं होतं. पण या रिळाने मासा धरलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या मामांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि वैतागून ते माळ्यावर टाकलं. मामांना विचारून बाईंनी तक्रारी कागदावर लिहून आणल्या होत्या :

१. स्क्रू हलत नाहीत. २. ओढ लागली की मूठ घसरते. ३. दोरी एकाच बाजूला साठते. ४. चांदणीचं चाक कितीही सैल करा, दोरी आधी अडते आणि मग हिसका देऊन सुटते. ५. गळ लांब फेकला की दोरीचा गुंता होतो.

दुरुस्ती करताना आमच्या लक्षात आलं, की यातली एकही तक्रार नवी नव्हती. प्रत्येक तक्रार कुणीतरी शे-दोनशे वर्षांपूर्वी केलेली होती आणि तिच्यावर उपाय म्हणून एकेक भाग या यंत्रात येऊन बसला होता. म्हणून या लेखात आम्ही रिळाचा इतिहास तक्रारींच्या क्रमानेच सांगणार आहोत.

रीळ मुळात कशासाठी?

दोरी काठीच्या टोकाला थेट बांधली तर दोन अडचणी येतात. काठी आणि दोरी पोचतील तेवढ्याच पाण्यात मासा धरता येतो. आणि मोठा मासा पळू लागला की द्यायला जास्तीची दोरी नसते, त्यामुळे दोरी तरी तुटते किंवा काठी तरी मोडते. काठीवर दोरीचा साठा असलेलं चाक बसवलं की दोन्ही अडचणी सुटतात. चिनी चित्रकार मा युआन यांनी इ. स. ११९५ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात थंडीने आखडलेला एक माणूस होडीत बसलेला आहे आणि त्याच्या काठीवर असं चाक स्पष्ट दिसतं. हे चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये थॉमस बार्कर यांनी १६५१ साली गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं. काठीच्या बुडाजवळ भोक पाडून त्यात बसवलेल्या, दोरी गुंडाळायच्या चाकाचं वर्णन त्यात आहे.

हे चाक आपल्या पतंगाच्या फिरकीपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. मूठ एकदा फिरवली की चाक एकदा फिरे. पुढे जे काही घडलं ते या फिरकीतल्या उणिवांमुळे घडलं. म्हणून दोरी गुंडाळायच्या नळकांड्याला आपणही यापुढे फिरकीच म्हणू.

पहिली तक्रार : स्क्रू हलत नाहीत

आमच्या रिळाची चौकट ॲल्युमिनियमची होती आणि स्क्रू पितळेचे. मध्ये खाऱ्या पाण्याचा ओलावा. दोन वेगळे धातू आणि विद्युतवाहक द्रव म्हणजे काय, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको. प्रत्येक स्क्रूभोवती एक छोटा विद्युतघटच तयार झालेला असतो. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये साठते आणि स्क्रू जणू सिमेंटमध्ये बसवल्यासारखा घट्ट होतो.

अशा वेळी जोर लावला तर स्क्रूची खाच उडते. आम्ही प्रत्येक स्क्रूवर पातळ तेलाचे थेंब सोडले आणि दोन दिवस वाट पाहिली. मग खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग उलट, असं करत स्क्रू काढले. एक तरीही हलला नाही, त्याला इस्त्रीच्या टोकाने थोडी ऊब दिली. तापल्यावर ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे भोक स्क्रूपेक्षा थोडं अधिक मोठं होतं. ऊब देण्याआधी वरचं तेल मात्र पुसून घेतलं होतं. काढलेले स्क्रू थर्मोकोलवर रिळाचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवले.

दुसरी तक्रार : मूठ घसरते

मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचा एकच फेरा होत असेल, तर लांब सोडलेली दोरी परत गुंडाळायला फार वेळ लागतो. उपाय सोपा वाटतो : मुठीला मोठं दातेरी चाक लावा आणि फिरकीच्या आसाला छोटं. मोठ्याला ६० दाते आणि छोट्याला १५ असतील, तर मुठीच्या एका फेऱ्यात फिरकी चार वेळा फिरेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे ओनेसिमस उस्टनसन अशी रिळं विकत होते. पण इंग्लंडमध्ये ती टिकली नाहीत. मोठा सामन मासा लागला की दाते तुटत.

असं का व्हावं? थोडं गणित करू. भरलेल्या फिरकीची त्रिज्या २० मिलिमीटर आणि छोट्या दातेरी चाकाची ४ मिलिमीटर धरा. मासा ५ किलोच्या जोराने ओढतो आहे. तर छोट्या चाकाच्या दात्यावर येणारा जोर ५ × २० ÷ ४, म्हणजे २५ किलो. मुठीकडच्या मोठ्या चाकाची त्रिज्या चौपट, १६ मिलिमीटर. मुठीचा दांडा ४० मिलिमीटरचा असेल तर माशाला नुसतं थोपवायला बोटांनी २५ × १६ ÷ ४०, म्हणजे १० किलोचा जोर लावायला हवा. वेग चौपट मिळाला, पण त्याची किंमत दात्यांनी आणि बोटांनी मोजली. ओबडधोबड कापलेल्या पितळी दात्यांवर हा सगळा जोर एखाद्याच टोकावर येई. शेवटी इंग्रज शौकिनांनी मोठ्या माशांसाठी पुन्हा साध्या, एकास एक फिरणाऱ्या रिळाची वाट धरली.

या अडचणीतून वाट निघाली ती अमेरिकेत. केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर हे घड्याळं आणि चांदीकामाचे कारागीर होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपास त्यांनी असं चौपट वेगाचं रीळ बनवलं. तिथल्या नद्यांत ब्लॅक बास मासा असे. त्यासाठी हलकं, जिवंत आमिष लांब फेकावं लागे, म्हणून फिरकी अगदी मोकळी फिरायला हवी होती. घड्याळजीच्या दृष्टीने हे ओळखीचंच काम होतं : दाते एकसारखे कापायचे, आसाची टोकं कठीण पोलादाची करायची, घर्षण होईल तितकं कमी ठेवायचं. पुढे त्याच राज्यातल्या फ्रँकफर्ट गावचे जोनाथन आणि बेंजामिन मीक हे घड्याळजी बंधू या रिळांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांच्या रिळांतला प्रत्येक स्क्रू हाताने आपापल्या भोकात बसवलेला असे. अदलाबदल होऊ नये म्हणून स्क्रूंवर आणि भोकांजवळ आकडे कोरलेले असत. आमच्या थर्मोकोलच्या युक्तीमागे हाच विचार आहे.

आमच्या रिळाचे दाते झिजले असतील असं आम्ही गृहीत धरलं होतं. उघडल्यावर दाते ठीक दिसले. मग मूठ का घसरत होती? या रिळात गळ फेकताना छोटं दातेरी चाक बाजूला सरकून फिरकी मोकळी होते आणि मूठ फिरवताच दोन बारीक स्प्रिंगा ते पुन्हा जागेवर ढकलतात. तिथलं जुनं ग्रीस हवेतल्या प्राणवायूमुळे घट्ट होऊन तपकिरी डिंकासारखं झालं होतं. त्यामुळे चाक पूर्ण बसत नव्हतं, दाते अर्धेच एकमेकांत अडकत होते. आम्ही ते भाग खिडकीजवळ, विस्तवापासून दूर, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने धुतले. स्प्रिंगा ताणून पाहिल्या, त्यांत दम होता. मूठ घसरायची थांबली. नवा भाग एकही लागला नाही.

तिसरी तक्रार : दोरी एका बाजूला साठते

पतंगाची फिरकी धरणारा मुलगा हात डावी-उजवीकडे हलवत मांजा सारखा भरतो. रिळात हे काम अंगठ्याने करावं लागे. माशाशी झटापट चालू असताना ते साधत नसे. दोरीचा उंचवटा होई, तो चौकटीला घासे आणि रीळ अडकून बसे. अमेरिकेतल्या कॅलमाझू गावच्या विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर यांनी १८९७ च्या सुमारास दोरी आपोआप सारखी भरणारं रीळ पुढे आणलं आणि त्यावर कंपनी उभी केली. (नाटककार शेक्सपिअरशी त्यांचा संबंध नावापुरताच.)

या योजनेत फिरकीच्या समोर एक दांडा असतो. त्यावर दोन आटे कोरलेले असतात, एक उजवा आणि एक डावा. ते एकमेकांना छेदत जातात आणि दोन्ही टोकांना एकमेकांत मिसळतात. दोरीच्या कडीखाली चंद्रकोरीसारखा एक छोटा दात असतो. तो एका आट्यातून डावीकडे जातो, टोकाला वळतो आणि दुसऱ्या आट्यातून परत येतो. दांडा एकाच दिशेने फिरतो, पण कडी मात्र येरझाऱ्या घालते. फिरत्या गतीचं सरळ येरझाऱ्यांत रूपांतर कसं करायचं, याचं इतकं सुबक उदाहरण वर्गात दाखवायला दुसरं मिळणं कठीण.

आमच्या रिळात कडी डाव्या टोकाला जाऊन थांबत होती. कारण भिंगातून पाहिल्यावर दिसलं. त्या छोट्या दाताचं टोक झिजून बोथट झालं होतं. सरळ वाटेवर तो चाले, पण टोकाच्या वळणावर दुसऱ्या आट्यात शिरायला लागणारी धार त्याला उरली नव्हती. हा भाग मात्र नवा करावा लागणार होता. त्याची गोष्ट शेवटी सांगू.

चौथी तक्रार : आधी अडते, मग हिसका देते

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कॅटलिना नावाचं बेट आहे. तिथे १८९८ साली चार्ल्स होल्डर यांनी काठी आणि रिळाने १८३ पौंडांचा कुपा मासा धरला आणि त्याच वर्षी अशा मासेमारीचा क्लब तिथे स्थापन झाला. त्या काळच्या रिळाची मूठ फिरकीशी जोडलेलीच असे. मासा पळाला की मूठ भन्नाट वेगाने उलटी फिरे आणि हात वेळेवर काढला नाही तर बोटं फुटत. माशाला रोखायचं कसं? फिरकीवर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून धरायचा, एवढाच मार्ग होता.

विल्यम बॉशन या शौकिनाने यावर उपाय सुचवला आणि ब्रुकलिनच्या ज्युलियस फॉम होफे यांनी तो रिळात उतरवला. मोठं दातेरी चाक आणि मुठीचा आस घट्ट जोडण्याऐवजी त्यांच्यामध्ये चकत्या ठेवायच्या : एक धातूची, एक चामड्याची, पुन्हा एक धातूची. बाहेरचं चांदणीसारखं चाक फिरवून या चकत्या हव्या तेवढ्या आवळायच्या. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ओढ लागली की चकत्या एकमेकींवर घसरतात आणि दोरी सुटत राहते. मूठ उलटी फिरू नये म्हणून एक खटका असतो. बॉशन यांनी १९१३ साली अशा रिळाने साडेतीनशे पौंडांहून मोठा तलवार मासा कॅटलिनापाशी धरला.

हिसका का बसतो, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतोच. स्थिर घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं. त्या दोहोंतला फरक लहान असेल तर दोरी सुरळीत सुटते. फरक मोठा असेल तर आधी अडते, ताण वाढतो आणि मग एकदम सुटते. त्या क्षणी बारीक दोरी तुटते. आमच्या रिळातल्या चामडी चकत्या वाळून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि धातूला चिकटल्या होत्या. जुन्या चामडी पट्ट्यातून आम्ही त्याच मापाच्या चकत्या कापल्या, त्यांना हलकं तेल चोळलं, जास्तीचं पुसून टाकलं. मग दोरीला स्प्रिंग काटा लावून ओढून पाहिलं. आधी काटा ३ किलोवर जाऊन एकदम १ वर कोसळत होता. आता २ च्या आसपास थोडा थरथरत राहिला.

पाचवी तक्रार : गुंता

ही तक्रार सर्वांत चिवट आहे, कारण हा रिळाचा बिघाड नसून जडत्वाचा नियम आहे. गळ फेकला की तो दोरी ओढतो आणि फिरकी वेगाने फिरू लागते. हवेच्या अवरोधाने गळ मंदावतो, फिरकी मात्र त्याच वेगाने फिरत राहते. बाहेर जाते त्याहून जास्त दोरी सुटते आणि गुंता होतो.

वर्गात करून पाहा. शिवणाच्या दोऱ्याचं रीळ पेन्सिलीवर बसवा. दोरा झटकन ओढा आणि एकदम थांबा. रीळ फिरतच राहील, दोऱ्याचे वेढे सुटतील. आता रीळ टेबलावर उभं ठेवा आणि दोरा वरच्या टोकाकडून ओढा. थांबलात की दोराही थांबेल, कारण आता रीळ फिरतच नाही.

हा दुसरा प्रकार कापडगिरणीत रोज दिसे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरातले गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर फिरकीच्या रिळाचं पेटंट घेतलं. त्यात फिरकी स्थिर राहते आणि दोरी गुंडाळणारा हात तिच्याभोवती फिरतो. त्याआधी १८८४ मध्ये स्कॉटलंडच्या मॅलॉक यांनी फेकताना फिरकी काटकोनात वळवायची युक्ती काढली होती. पण त्यात दोरी फिरकी फिरवून भरली जाई आणि टोकाकडून सुटे, त्यामुळे प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडे. इलिंगवर्थ यांच्या रिळात दोरी भरतानाही टोकाकडून जाते, म्हणून भरतानाचा पीळ सुटताना उलगडतो.

आमचं रीळ मात्र फिरत्या फिरकीच्या घराण्यातलं होतं. अशा रिळांत गुंत्यावर दुसरा उपाय असतो. फिरकीच्या आसावर आडव्या काड्या आणि त्यांवर सरकणारे दोन चिमुकले ठोकळे. फिरकी वेगाने फिरू लागली की अपकेंद्री परिणामाने ठोकळे बाहेर सरकतात आणि भोवतालच्या कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला की घासण्याचा जोर चौपट होतो. वेग कमी झाला की ब्रेक आपोआप सुटतो. आमच्या रिळात ठोकळे शाबूत होते, पण कडं तेलाने माखलेलं होतं. मामांनी रीळ ‘मोकळं व्हावं’ म्हणून दर वेळी भरपूर तेल सोडलं होतं. ब्रेकवर तेल! आम्ही कडं कोरडं पुसलं. बेअरिंगला एकेक थेंब तेल, दात्यांना पातळ थर ग्रीस, ब्रेकला काही नाही. एवढा नियम पाळला तरी अशी कित्येक रिळं माळ्यावर जायची वाचतील.

घड्याळजीकडे परत

उरला तो झिजलेला दात. तो कुणाकडून करून घ्यायचा, हा विचार करताना रिळाच्या इतिहासातला एक धागा आमच्या नजरेत भरला. स्नायडर आणि मीक घड्याळजी होतेच. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावी कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रोम यांनी १९२१ साली खिशातल्या घड्याळांचा कारखाना काढला. पुढे तिथे टॅक्सीचे मीटर बनू लागले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्सी थांबल्या, मीटरची मागणी आटली आणि कारखाना रिळांकडे वळला. अपकेंद्री ब्रेकची त्यांची रिळं पुढे जगभर गेली. फ्रान्समधली मिचेल रिळं क्लूझ या घड्याळांच्या गावात बनली. १८४८ साली तिथे घड्याळकामाची शाळाच निघाली होती. अमेरिकेत १९४९ साली बाजारात आलेलं झाकलेल्या तोंडाचं रीळ टेक्सासच्या आर. डी. हल यांनी रचलं. तेही घड्याळजी होते आणि ज्या कंपनीने ते बनवलं ती तेलविहिरींसाठी टाइम-बॉम्ब बनवत असे.

मग आम्हीही तालुक्याच्या गावातले एक वयस्क घड्याळजी गाठले. त्यांनी रीळ कधी हाताळलं नव्हतं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी दात पाहिला, दांडा हाताने फिरवला आणि म्हणाले, ‘याला वळणावर वाट सापडत नाही.’ आम्हाला जे सांगायला अर्धं पान लागलं, ते त्यांनी पाच शब्दांत सांगितलं. पितळेच्या कांबीतून कापून, कानशीने घासून त्यांनी दोन तासांत नवा दात दिला. पहिला किंचित जाड झाला, दुसरा चालला.

१९६९ साली जपानच्या सेको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. त्यानंतर चावीची घड्याळं मागे पडत गेली. आपल्याकडे एच. एम. टी.ची घड्याळं कित्येक घरांत होती. ती बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. या घड्याळजींच्या दुकानात आता बहुतेक वेळ सेल बदलण्यात जातो. त्यांच्याकडे शिकायला कुणी नाही, असं ते सहज बोलून गेले. पितळेतून दात घासणारी बोटं आणि बिघाड नजरेने ओळखणारा डोळा या गोष्टी पुस्तकात उतरवता येत नाहीत. शिकणारा शेजारी बसावा लागतो.

रीळ जोडून झाल्यावर बाईंनी मूठ फिरवली. कडी डावीकडे गेली, वळली, उजवीकडे आली. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते वर्गात नेलं आणि पाच गट करून प्रत्येकाला एकेक तक्रार वाटून दिली. मुलांची उत्तरं त्यांनी आम्हाला कळवली आहेत. एक प्रश्न मात्र त्यांच्याकडूनच आला आणि तो आम्ही वाचकांपुढे ठेवतो : ‘बाई, आपल्या गावातल्या घड्याळजींना शाळेत बोलावता येईल का?’